मोळी, आंघोळ आणि 'श्यामची आई'

गेल्या महिन्यात पूर्ण्याहून नांदेडला पॅसेंजरने जाताना एका ज्युनिअर मैत्रिणीने बॅगेतून सिनॉप्सिसचा कच्चा खर्डा काढला आणि माझ्या हातात दिला. "ताई, फक्त एकदा नजर टाका." विषय होता 'श्यामची आईमधील नैतिक मूल्ये : एक अभ्यास'. आत एक लांबलचक तक्ता. रात्र पहिली, सावित्री-व्रत, मूल्य : सेवाभाव. रात्र तिसरी, मुकी फुले, मूल्य : संवेदनशीलता. रात्र अठरावी, अळणी भाजी, मूल्य : संयम. अशा बेचाळीस ओळी. चुडावा गेलं, लिंबगाव आलं, तरी तक्ता संपेना. मेहनत खूप होती. प्रश्न मात्र एकही नव्हता.

तिला हसायचा मला काही अधिकार नाही. माझा पहिला सिनॉप्सिस असाच होता, फक्त तक्त्याला रंग जास्त होते. समितीतल्या एका सरांनी तो शांतपणे चाळला आणि विचारलं, "मूल्यं सापडली, छान झालं. पण श्याम ती शिकला कशी?" मी म्हणाले, "संस्कारातून." ते म्हणाले, "आणि संस्कार म्हणजे काय होतं नेमकं? कुठल्या क्षणी मुलाच्या आत काय बदलतं?" मी गप्प. त्या गप्प बसण्यातून माझा आजचा विषय निघाला, म्हणून ही पोस्ट. ज्यांची 'पेट' झाली आहे आणि आता विषय शोधणं चालू आहे, त्यांच्यासाठी खास.

प्रश्न तसा फार जुना आहे. प्लेटोचा 'मेनो' हा संवाद थेट त्यानेच सुरू होतो. मेनो सॉक्रेटिसला विचारतो की सद्गुण शिकवून येतो, सरावाने येतो, की जन्मतःच असतो? सॉक्रेटिस म्हणतो, सद्गुण म्हणजे काय हेच मला माहीत नाही, तर तो कसा येतो हे कुठून सांगू? आपल्याकडे हा प्रश्न विचारायचा तर 'श्यामची आई'पेक्षा बरी जागा मला दिसत नाही. कारण सद्गुण शिकवता येतो, आणि तो घरात, आईकडून, रोजच्या कामातून येतो, हा दावा या पुस्तकाने मराठी माणसाच्या मनात इतका पक्का केला आहे की आपण तो दावा म्हणून ओळखतही नाही.

साने गुरुजींनी हे पुस्तक नाशिकच्या तुरुंगात ९ फेब्रुवारी १९३३ ला लिहायला घेतलं आणि १३ फेब्रुवारीला संपवलं. पाच दिवस. १९३५ साली ते छापून आलं. १९५३ साली अत्र्यांनी त्यावर चित्रपट काढला आणि राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक त्याला मिळालं. तेव्हापासून बक्षीस म्हणून, भेट म्हणून हे पुस्तक घराघरांत फिरतंय. मलाही ते सातवीत निबंध स्पर्धेत मिळालं. (या तारखा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.)

आधी तक्त्याचं काय चुकतं ते पाहू. तक्ता असं धरून चालतो की मूल्य ही एक वस्तू आहे. ती आईच्या हातात असते, गोष्टीच्या शेवटी ती मुलाच्या हातात पडते. शाळेच्या भिंतीवर राष्ट्रभक्तीपासून नीटनेटकेपणापर्यंत जी दहा मूल्यं रंगवलेली असतात, ती याच समजुतीने. ही समजूत तपासून पाहणारं एक मोठं काम अमेरिकेत हार्टशॉर्न आणि मे या दोघांनी १९२८ ते १९३० या काळात प्रसिद्ध केलं. हजारो शाळकरी मुलांना त्यांनी लबाडी करायची सोय असलेल्या निरनिराळ्या परिस्थितींत ठेवून पाहिलं. दिसलं असं की एका ठिकाणी प्रामाणिक राहणारं मूल दुसऱ्या ठिकाणी बिनदिक्कत कॉपी करतं. म्हणजे 'प्रामाणिकपणा' नावाची वस्तू खिशात घालून कुणी फिरत नाही. त्यांच्या निष्कर्षांवर पुढे बराच वाद झाला, पण 'अमुक गोष्टीतून तमुक मूल्य मिळते' असं वाक्य लिहिताना हात थोडा अडखळायला हवा, एवढं तर त्यातून नक्की घ्यावं.

आता पुस्तक उघडू. 'अळणी भाजी'त काय होतं? आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील पहिला घास घेतात आणि काहीच बोलत नाहीत. ते बोलत नाहीत म्हणून मुलंही मीठ मागत नाहीत. शेवटी आई स्वतः जेवायला बसते तेव्हा तिला कळतं, आणि तिला वाईट वाटतं. ताटावर कुणी उपदेश केलेला नाही. श्याम जे शिकला ते वडिलांच्या न बोलण्यातून. दुसऱ्याने राबून केलेल्या गोष्टीत खोट दिसली तर ती बोलायची की नाही, हे बघून कळतं. यावर 'संयम' अशी चिठ्ठी लावली की अर्धी गोष्ट सांडते. (शिवाय वडिलांना संयम आणि आईला अपराधीपणा, ही वाटणी कशी झाली, हा एक वेगळाच लेख आहे. कुणाला विषय हवा असेल तर घ्या.)

'श्यामचे पोहणे' तर आजच्या पालकांना वाचवणारही नाही. श्याम विहिरीत उतरायला घाबरतो, घरात लपून बसतो. आई त्याला शोधून काढते आणि अक्षरशः मारत बाहेर घालवते. तो पोहून येतो. मग आई वळ पाहते, जवळ घेते, दही देते आणि का मारलं ते सांगते. लोकांनी तुला भित्रा म्हटलेलं मला सहन होणार नाही, असा त्या सांगण्याचा अर्थ. यातला क्रम पाहा : आधी कृती, तीही धाकाखाली. कारण नंतर.

हा क्रम ॲरिस्टॉटलच्या वाचकाला लगेच ओळखू येतो. 'निकोमाखियन एथिक्स'च्या दुसऱ्या भागात तो म्हणतो की चारित्र्याचे सद्गुण सवयीने येतात. घरं बांधून माणूस गवंडी होतो, वाद्य वाजवून वादक होतो, तसं न्याय्य कृती करून न्यायी आणि धाडसी कृती करून धाडसी होतो. लगेच तो स्वतःच अडचण काढतो : न्यायी नसलेला माणूस न्याय्य कृती करेल कशी? आणि केलीच, तर तो आधीच न्यायी नाही का? त्याचं उत्तर व्याकरणाच्या उदाहरणातून येतं. एखादं शुद्ध वाक्य योगायोगानेही लिहिलं जातं, किंवा शेजारच्याने सांगितलं म्हणूनही. पण त्या माणसाला व्याकरण येतं असं आपण केव्हा म्हणतो? ते ज्ञान त्याच्या स्वतःच्या आत असेल आणि त्यातून तो लिहीत असेल तेव्हा. तसं सद्गुणाचं. कृती जाणून केलेली हवी, तिच्यासाठीच निवडलेली हवी आणि पक्क्या स्वभावातून आलेली हवी.

माइल्स बर्नयेट या अभ्यासकाचा १९८० सालचा एक गाजलेला लेख आहे, ॲरिस्टॉटलच्या मते चांगलं व्हायला कसं शिकतात यावर. माझ्या कामाला तो पायाच आहे. त्यातला मुद्दा सोप्या मराठीत सांगायचा तर असा : मूल आधी 'काय' शिकतं, 'का' नंतर शिकतं. अमुक करणं चांगलं आहे हे आधी अंगात मुरतं, त्यात गोडी लागते, ते न केल्यास लाज वाटू लागते. मग कधीतरी त्यामागचं कारण कळतं, आणि आधीपासून आवडत असलेली गोष्ट आता समजून आवडते. पायात लाज आणि प्रेम, वर कारण. 'श्यामची आई' या रचनेचं इतकं चोख उदाहरण आहे की वाटतं, संपलं, प्रबंध झाला. 'थोर अश्रू'मध्ये आंघोळ झालेल्या लहान श्यामच्या तळव्यांना माती लागू नये म्हणून आई दगडावर पदर पसरते आणि म्हणते की पायांना घाण लागू नये म्हणून जपतोस तसं मनालाही जप. पदराचा स्पर्श आधी, शिकवण मागून.

मीही एवढ्यावरच थांबणार होते. मला थांबू दिलं नाही ते माझ्या आज्जीने.

आमचं घर पूर्ण्यात रेल्वेच्या आसऱ्याने उभं राहिलेलं. आजोबा गँगमन होते. त्याआधी आज्जीने खेड्यात सरपणाच्या मोळ्या वाहिल्या, विकल्या. तिला वाचता येत नाही. सुट्टीत घरी आले की मी जे वाचत असेन ते तिला मोठ्याने वाचून दाखवते, दोघींचाही वेळ जातो. एका दुपारी पंचविसावी रात्र चालू होती, 'देवाला सारी प्रिय'. गोष्ट तुम्हाला आठवत असेल. एक म्हातारी महार बाई, लाकडाची मोळी खाली पडलेली, तिला ती एकटीला डोक्यावर घेता येत नाही. शिवाशिवीच्या भीतीने कुणी हात लावत नाही. आई श्यामला सांगते की जा आणि तिला मोळी उचलून दे. श्याम देतो. लोक नावं ठेवतात. आईच्या मनात देवाला सगळी लेकरं सारखीच, हे पक्कं आहे. वर्गात या गोष्टीला डोळ्यांत पाणी येतं. माझ्याही यायचं.

आज्जीने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "मंग त्या पोरानं आंगूळ कामून केली?"

मी पान मागे उलटलं. आंघोळ होती. मोळी डोक्यावर द्यायची आणि मग आंघोळ करायची, हे दोन्ही एकाच शिकवणीत आहे. सातवीपासून मी ही गोष्ट किती वेळा वाचली असेल, आंघोळ मला कधी दिसलीच नव्हती. माझ्या रंगीत तक्त्यात या रात्रीपुढे 'समता' लिहिलं होतं.

आता सवयीच्या सिद्धान्ताला ही आंघोळ लावून पाहा. मोळी उचलणं ही श्याम शिकला ती गोष्ट. आंघोळ करणं हीसुद्धा तो शिकला ती गोष्ट. दोन्ही त्याच आईकडून, त्याच मायेने, त्याच लाजेच्या बळावर. दोन्ही अंगात मुरलेल्या. मग यातला सद्गुण कुठला आणि नुसता रिवाज कुठला, हे सवयीचा सिद्धान्त कसं सांगणार? तो सांगू शकत नाही. ॲरिस्टॉटल म्हणेल की संगोपन चांगल्या सवयींत झालेलं हवं. पण चांगल्या कुठल्या, हे ठरवायला त्याच्याकडे त्याचं नगर होतं, आणि 'पॉलिटिक्स'मध्ये याच तत्त्वज्ञाने काही माणसं स्वभावतःच गुलाम असतात असं मांडलं आहे. चांगल्या घरातलं मूल त्या घराची आंघोळही शिकतं, हा धोका सिद्धान्ताच्या पोटातच आहे.

इथे मला सगळ्यात उपयोगी पडलं ते बाबासाहेबांचं एक भेद करणं. १९३६ साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी लिहिलेलं आणि कधीच न झालेलं ते भाषण, 'जातिप्रथेचे विध्वंसन', त्यात ते नियम आणि तत्त्व वेगळे करतात. नियम म्हणजे ठरल्याप्रमाणे वागण्याची सवयीची रीत. तत्त्व म्हणजे एखादी गोष्ट पारखून पाहण्याचं साधन. नियम पाळणाऱ्याने नियम पाळला की त्याची जबाबदारी संपते. तत्त्वाने चालणाऱ्याची संपत नाही, कारण तत्त्व चुकीचंही लावलं जाऊ शकतं आणि त्याचा जाब त्यालाच द्यावा लागतो. पंचविसाव्या रात्री हे दोन्ही एकाच अंगणात उभे आहेत. देवाला सारी प्रिय, हे तत्त्व. मोळीनंतरची आंघोळ हा नियम. आईने श्यामला दोन्ही दिले. त्यातलं पहिलं खरं मानलं तर दुसरं टिकत नाही, हे गोष्ट सांगत नाही. पण दोन्ही शेजारी ठेवून देते.

दुसरा धागा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली, बाबासाहेबांच्या पश्चात आलेल्या ग्रंथातला. नीती नुसती असून भागत नाही, ती पवित्र आणि सार्वत्रिक हवी, असं ते म्हणतात. कारण नीती चोरांच्या टोळीतही असते. व्यापाऱ्यांत असते, जातभाईंत असते. आपापसात ते सगळे एकमेकांशी नीट वागतात, पण ती नीती टोळीच्या कुंपणापाशी संपते. हे वाचल्यावर 'श्यामची आई'तल्या घराकडे पुन्हा पाहिलं. भावाभावातलं प्रेम, आईवडिलांची सेवा, गाय, फुलं, पाखरं, सगळ्यांपर्यंत माया पोचते. मुक्या कळ्यांपर्यंत पोचते. त्या म्हातारीपर्यंतही पोचते, पण परत येताना विहिरीवरून येते.

यावर माझ्या गाईडचा आक्षेप रास्त होता, तो इथे देते. ते म्हणाले, "काळाच्या चौकटीत बघ. ज्या गावात शिवल्याबद्दल मार बसला असता तिथे त्या बाईने मुलाला पुढे केलं. आंघोळ ही गावाला दिलेली ढाल आहे. आणि गोष्ट सांगणारा श्याम हा मोळी उचलणाऱ्या श्यामपेक्षा खूप मोठा आहे, हे विसरू नकोस." तिन्ही मुद्दे मला मान्य आहेत. १९३३ साली, मध्यमवर्गीय घरांत वाचल्या जाणाऱ्या पुस्तकात हा प्रसंग घालायला धैर्य लागलं, यातही शंका नाही. पण 'त्या काळी तसंच होतं' हे वाक्य समीक्षेत वापरताना एक काळजी घ्यावी : त्या काळी सगळ्यांना तसंच वाटत होतं का, हे तपासावं. म्हणून मी वर दिलेल्या तारखांकडे वळले.

फेब्रुवारी १९३३, नाशिक. त्याच शहरात, तुरुंगापासून काही किलोमीटरवर, पंचवटीत काळाराम मंदिर आहे. तिथला प्रवेशाचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला होता. बाबासाहेबांचं नेतृत्व, दादासाहेब गायकवाड स्थानिक आघाडीवर, हजारो स्त्रीपुरुष दाराशी. तो काही वर्षं चालू राहिला. म्हणजे ज्या दिवसांत साने गुरुजी आईच्या आठवणी लिहीत होते, त्या दिवसांत मंदिराचा तो प्रश्न नाशकात सुटलेला नव्हता. आणि ज्या पाच दिवसांत पुस्तक लिहून झालं, त्यांच्या अगदी मधोमध, ११ फेब्रुवारीला, पुण्याहून गांधीजींच्या 'हरिजन' साप्ताहिकाचा पहिला अंक निघाला. त्या अंकासाठी बाबासाहेबांकडे संदेश मागितला होता. त्यांनी संदेश द्यायचं नाकारलं आणि उलट लिहिलं की जाती आहेत तोवर जातीबाहेर टाकलेले राहणारच. गोष्टीतली म्हातारी मोळीशेजारी गप्प उभी आहे. त्याच वेळी बाहेर तिच्याच समाजातली माणसं गप्प नव्हती. 'त्या काळी तसंच होतं' असं म्हणताना आपण यातल्या कुणाचा काळ मोजतो?

थांबा, इथे एक सूचना, कारण मी स्वतः या खड्ड्यात पडले होते. एकाच शहरात एकाच वेळी दोन गोष्टी घडल्या म्हणून एकीने दुसरी घडवली असं होत नाही. 'काळाराम सत्याग्रहाच्या प्रभावातून पंचविसावी रात्र लिहिली गेली' असं वाक्य मी एका चर्चासत्राच्या निबंधात ठोकून दिलं होतं आणि प्रश्नोत्तरांत माझी पुरती फजिती झाली. असं म्हणायला तुरुंगातली पत्रं, सोबत्यांच्या आठवणी, हस्तलिखित असलं काहीतरी हातात लागतं. माझ्या हातात फक्त तारखा आहेत. तारखा प्रश्न विचारायला पुरतात, उत्तर द्यायला पुरत नाहीत.

मात्र एक गोष्ट तारखांवरून निर्विवाद आहे. श्याम पुढे तिथे थांबला नाही. १९४७ च्या सुरुवातीला साने गुरुजी पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून महाराष्ट्रभर फिरले आणि १ मे ला पंढरपुरात उपोषणाला बसले. सुमारे दहा दिवसांनी मंदिर खुलं करण्याचं मान्य झालं तेव्हा ते सुटलं. देवाला सारी प्रिय असतील तर देवाच्या पायापर्यंत सारी जातील, हे आईच्याच वाक्याचं पुढचं पाऊल. पण ते टाकायचं तर आईची आंघोळ सोडावी लागते. माझा प्रबंध आता या एका गोष्टीभोवती आहे : शिकणाऱ्याने शिकवणीतला एक भाग शिकवणीतल्याच दुसऱ्या भागाच्या जोरावर टाकून दिला, तिथे सद्गुण खऱ्या अर्थाने त्याचा झाला. ॲरिस्टॉटलच्या भाषेत, व्याकरण आता त्याच्या आत आलं. तोवर तो शेजाऱ्याने सांगितलेलं शुद्ध वाक्य लिहीत होता.

मग हे 'का' त्याला कुणी शिकवलं? सोपं उत्तर म्हणजे बीज आईनेच पेरलं. मला ते अर्धंच वाटतं. तेच बीज नव्वद वर्षं लाखो वाचकांच्या मनात पडतंय. त्यातून आईविषयीचं गहिवरणं भरघोस उगवलं. आंघोळ दिसणं मात्र उगवलं नाही. माझ्यातही नाही, आणि मी कुठल्या घरातली आहे ते वर सांगितलंच.

१९३२ साली, म्हणजे 'श्यामची आई'च्या आदल्याच वर्षी, जाँ पियाजेचं मुलांच्या नैतिक निर्णयांवरचं पुस्तक आलं. तो स्वित्झर्लंडमधल्या पोरांबरोबर चक्क गोट्या खेळत बसला आणि नियम कुठून आले, बदलता येतात का, असं विचारत राहिला. लहान मुलांना नियम मोठ्यांकडून, जणू देवाकडून आलेले वाटतात. बरोबरीच्या सवंगड्यांत खेळता खेळता, भांडता भांडता कळतं की नियम आपण मिळून करतो आणि मिळून बदलू शकतो. न्यायाची जाण त्याच्या मते धाकातून फारशी येत नाही, ती बरोबरीतून येते. 'श्यामची आई'त माया अपार आहे, बरोबरी फारच थोडी. आई आणि मूल बरोबरीचे नाहीत. श्याम आणि ती म्हातारी तर नाहीतच. तिला मदत मिळते, पण "आंघोळ का करतोस?" असं विचारण्याची सोय गोष्टीत तिला नाही. आपल्या लक्षात श्यामचं नाव राहतं, तिला नाव आहे की नाही याचा आपण विचारही करत नाही. तो प्रश्न तिच्या वतीने काळारामच्या दारात विचारला गेला, आणि पूर्ण्यात आमच्या ओट्यावर आज्जीने विचारला. म्हणून मला वाटतं की सद्गुणाचं शिक्षण आई आणि मूल या दोघांत पुरं होत नाही. ज्याच्यावर तो सद्गुण चालवला जातो, त्या तिसऱ्या माणसाला बोलता यावं लागतं आणि शिकणाऱ्याला ते ऐकून घेता यावं लागतं.

आता कुणी म्हणेल, तुमच्याकडे सगळं आलबेल आहे का? नाही. पूर्ण्याच्या विहारात रविवारी लहान मुलं पंचशील म्हणतात. पालीतल्या त्या प्रत्येक शीलात 'शिक्खापद' हा शब्द येतो. शिक्खापद म्हणजे शिकण्याची पायरी, धडा. 'चोरी करू नकोस' अशी वरून आलेली आज्ञा त्यात नाही. 'चोरीपासून दूर राहण्याचा धडा मी घेतो' असं म्हणणाऱ्याचं स्वतःचं उचलणं आहे. माझ्या विषयासाठी हा शब्द सोन्यासारखा आहे, कारण सद्गुण शिकायचा असतो ही गोष्ट त्याने शपथेतच ठेवली. पण माझा चुलतभाऊ पाचही शीलं एका दमात म्हणतो आणि बाहेर येऊन क्रिकेटला कुठे गेला होता यावर तोंड वर करून खोटं बोलतो. शब्द पाठ आहेत, 'काय' अजून मुरलेलं नाही, 'का' तर लांबच. आणि कुंपणाची नीती आमच्या गल्लीतही आहे. कोणाच्या घरी पाणी प्यायचं आणि कोणाच्या नाही, याचे हिशेब मी लहानपणी आमच्याच माणसांत ऐकलेत. तेव्हा विहार विरुद्ध पालगड असा सामना लावून प्रबंध लिहायचा मोह मी टाळला. तुम्हीही टाळा, समिती तो दोन मिनिटांत उलटवते.

आज्जीला मी पंढरपूरचं सांगितलं. उपोषण, मे महिन्याचं ऊन, मंदिर उघडलं, सगळं. ती म्हणाली, "चांगला मानूस व्हता म्हन की." मग थोड्या वेळाने, "त्याच्या मायला कळलं अस्तं तर?" याचं उत्तर माझ्याकडे नाही. आई तर १९१७ सालीच गेली होती. पण प्रश्न माझ्या चौथ्या प्रकरणाच्या वर लिहून ठेवलाय.

राहिला ज्युनिअरचा तक्ता. तो फाडू नको असं मी तिला सांगितलं, नांदेड येईपर्यंत त्यात फक्त दोन रकाने वाढवायला लावले. 'मूल्य'च्या पुढे 'श्याम हे नेमकं कशाने शिकला : बघून, करून, मार खाऊन, लाजून की कारण ऐकून'. आणि त्याच्या पुढे 'या रात्रीत कोण बोलत नाही'. परवा तिचा फोन आला. पहिला रकाना भरून झालाय. दुसऱ्यात सतरा रात्री झाल्यात आणि 'दूर्वांची आजी'पाशी ती अडकली आहे.